बटण दाबून काहीच होत नाही तेव्हा

‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदा पाहिला तो २०१६ साली, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना, हॉस्टेलच्या खोलीत. ‘पाहिला’ असंच म्हणायला हवं, कारण मी तो खेळलो नव्हतो. कुणीतरी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. तो मी मधून मधून पुढे ढकलत बघितला आणि रूममेटला म्हणालो, “वाईट वाटतं रे, पण हा गेम नाहीये. यात खेळाडूला करायला काही नाहीच.”

दुसऱ्यांदा मी तो गेल्या वर्षी विकत घेऊन खेळलो. मधल्या काळात माझ्या भाच्याला, ताईच्या मुलाला, वयाच्या चौथ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. अडीच वर्षं उपचार चालले. तो आता बरा आहे, शाळेत जातो, ठरलेल्या तारखांना तपासणीला जातो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. शिवाय एक कबुलीही त्यातच येते: ज्या गेमबद्दल मी लिहितोय त्यातलं मूल वाचलेलं नाही, आणि मी वाचलेल्या मुलाचा मामा आहे. या फरकाचं भान सुटू न देता लिहायचा प्रयत्न करतो.

आधी गेमविषयी. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये राहणारे रायन आणि एमी ग्रीन हे नवराबायको. रायन स्वतः प्रोग्रॅमर. त्यांचा मुलगा जोएल साधारण एक वर्षाचा असताना त्याच्या मेंदूत एका दुर्मीळ आणि अतिशय आक्रमक प्रकारची गाठ सापडली. डॉक्टरांनी फार थोडा काळ दिला होता, पण जोएल त्यानंतर काही वर्षं जगला. मार्च २०१४ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो गेला. रायननं जोश लार्सन या सहकाऱ्याबरोबर गेमचं काम सुरू केलं तेव्हा जोएल जिवंत होता, आणि गेम कुठे संपणार हे बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. १२ जानेवारी २०१६ला, जोएलच्या वाढदिवशी, तो बाजारात आला. दोनेक तासांत संपतो. त्यात रायन आणि एमीचे स्वतःचे आवाज आहेत आणि जोएलचं रेकॉर्ड केलेलं खरं हसू आहे. पात्रांना मात्र चेहरे नाहीत. डोळे, नाक, तोंड काही नाही, नुसते सपाट पृष्ठभाग.

गेममधला सगळ्यात जास्त चर्चा झालेला प्रसंग हॉस्पिटलच्या एका खोलीतला. रात्र आहे. जोएलच्या अंगातलं पाणी कमी झालंय, तो तहानेनं कळवळून रडतोय, पण पाजलेलं पोटात टिकत नाही. बाप खोलीत एकटा आहे. खेळाडू म्हणून आपण काय काय करू शकतो? त्याला उचलून घेऊ शकतो, ज्यूस देऊ शकतो, खोलीत येरझाऱ्या घालू शकतो. ज्यूस दिला की उलटी होते. उचललं तरी रडं थांबत नाही. खाली ठेवलं की आणखी वाढतं. ही रात्र ग्रीन कुटुंबानं खरोखर काढलेली होती आणि गेमची कल्पना रायनला त्याच रात्रीतून सुचली.

गेम आणि खेळाडू यांच्यात एक न लिहिलेला करार असतो. मी बटण दाबलं की काहीतरी होईल, आणि योग्य बटण योग्य वेळी दाबलं तर मला हवं ते होईल. आमच्या धंद्याचाही पाया हाच आहे. कोड चालत नसेल तर कुठेतरी चूक आहे, आणि चूक आहे म्हणजे ती सापडणार. हा प्रसंग तो करार मोडतो. पर्याय समोर आहेत, प्रत्येक पर्याय निवडता येतो, आणि एकानंही काही सुधारत नाही. २०१६च्या माझ्या शेऱ्याचा अर्थ एवढाच होता. समीक्षकांनीही तेच वेगळ्या, कौतुकाच्या सुरात लिहिलं: हा गेम खेळाडूच्या हातातली सत्ता काढून घेतो आणि त्याला आईबापांची असहायता दाखवतो.

मला आज हे वाचन अपुरं वाटतं, आणि ते का हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय.

भाच्याचं निदान झालं त्या आठवड्यात मी एक एक्सेल शीट बनवली. रोजचं हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, ताप, कुठलं औषध किती वाजता. रंग दिले, आलेख काढले. घरातले सगळे म्हणाले, बरं झालं, घरात एक इंजिनिअर आहे. खरं सांगायचं तर त्या शीटचा डॉक्टरांना काही उपयोग नव्हता. त्यांच्याकडे फाईल होती, आणि या आजाराच्या उपचाराचे टप्पे ठरलेले असतात. कुठल्या आठवड्यात काय, हे आधीच लिहिलेलं असतं. शीटचा उपयोग मला होता. ती भरत बसलं की वॉर्डात जावं लागत नसे. पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यायचं असेल त्या दिवशी मी हमखास रिपोर्ट आणायला खाली गेलेलो असे.

ताई वर असायची. स्टिरॉइडच्या आठवड्यांत भाच्याला भयंकर भूक लागायची आणि तेवढाच भयंकर राग यायचा. रात्री दोनला वरणभात हवा असे. थर्मासमधला वरणभात पुढे केला की तो “हा नको” म्हणून ढकलून द्यायचा आणि भातासाठीच रडायचा. ताई त्याचे तळपाय चोळत बसायची. थोड्या वेळानं तो पाय झटकायचा. मग ती कपाळावर हात ठेवायची. तो हात काढून टाकायचा. मग ती पुन्हा तळपाय चोळायला घ्यायची. एका रात्री हे मी दारातून बघत होतो आणि मनात आलं की ही तेच तेच का करतेय, कशाचाच उपयोग होत नाहीये. दुसऱ्या दिवशी तसं तिला म्हणालोही. ती म्हणाली, “उपयोग व्हावा म्हणून कोण करतंय?”

गेल्या वर्षी माउस हातात घेऊन तो प्रसंग खेळताना मला ताईचं वाक्य कळलं. व्हिडिओ बघताना एक हतबल बाप दिसतो. खेळताना वेगळीच गोष्ट लक्षात येते: काही होत नाही हे कळल्यावरही आपण क्लिक करत राहतो. पुन्हा उचलतो, पुन्हा फिरवतो. थांबायची मुभा आहे. माउस सोडून नुसतं ऐकत बसलं तरी गेम काही शिक्षा करत नाही. पण बसवत नाही. म्हणजे गेमनं आपल्याकडून परिणाम काढून घेतलाय, कृती काढून घेतलेली नाही. असहायता म्हणजे करण्यासारखं काही नसणं, असं आपण धरून चालतो. गंभीर आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाची स्थिती उलट असते. त्याला सतत काहीतरी करायचं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींनी आजार तसूभरही हलणार नसतो. तरी त्या मुलासाठी असतात. हात पायाला लागलाय, हे मुलाला कळत असतं. ही बाब यूट्यूबवर कळूच शकत नाही, कारण तिथे क्लिक दुसरा कुणीतरी करत असतो.

यात एक वेगळा पेच आहे. मार्च २०१६ मध्ये रायन ग्रीननं लिहिलं होतं की असंख्य लोकांनी हा गेम असा व्हिडिओत पाहिला आणि त्यामानानं विकत फार थोड्यांनी घेतला. तेव्हा त्याच्यावर टीकाही झाली: ज्यात खेळण्यासारखं फारसं नाही तो लोकांनी बघितला तर बिघडलं कुठे? मी त्या फुकट बघणाऱ्यांपैकीच. पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी त्याचं म्हणणं मला आता कलेच्या अंगानं बरोबर वाटतं. बघणाऱ्याला यात गोष्ट मिळते. गोष्ट दुःखी आहे, पण दुःखी गोष्टी जगात पुष्कळ आहेत.

त्या रात्रीच्या प्रसंगाचा शेवट प्रार्थनेनं होतो. बाप देवाची करुणा भाकतो आणि जोएल शांत होतो, झोपतो. ग्रीन कुटुंब श्रद्धाळू ख्रिस्ती आहे आणि गेम ते लपवत नाही. मी स्वतः देव मानत नाही, त्यामुळे पहिल्यांदा मला हे म्हणजे शेवटी एक गुप्त बटण निघाल्यासारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. ज्यूस द्यायला, उचलायला आपण क्लिक करतो, प्रार्थना मात्र आपण ऐकतो. शिवाय गेम पुढे जातो आणि त्याच प्रार्थना चालू असताना जोएल जातो. एका रात्रीपुरती झोप मिळाली, एवढंच. वॉर्डात एका रात्रीपुरती झोप ही किती मोठी गोष्ट असते, हे मला माहीत आहे. आमच्याकडे ताईच्या सासूबाईंनी नवस बोलला होता, शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या दंडाला तावीज होता, आणि सकाळची पाळी बदलताना एक सिस्टर खिडकीशी उभी राहून क्रूस करायची. त्यांपैकी कुणीही औषध थांबवलं नव्हतं.

गेममधले मला सर्वांत आवडलेले दोन प्रसंग मात्र प्रार्थनेचे नाहीत. एकात डॉक्टर आईवडिलांना सांगतात की गाठ परत आली आहे, आता फार काही करता येणार नाही. खोलीत लहान मुलांचं एक खेळणं आहे, काटा फिरवून आवाज काढायचं. आपण ते फिरवलं की तोच प्रसंग खोलीतल्या वेगवेगळ्या माणसांच्या मनातून ऐकू येतो. आईच्या, बापाच्या आणि डॉक्टरांच्याही. दरम्यान खोलीत पाणी चढत जातं. वाईट बातमी देणाऱ्या डॉक्टरच्या मनात काय चाललं असेल, हा विचार आजारपणाच्या कथांमध्ये फारसा येत नाही. तिथे डॉक्टर एकतर देवमाणूस असतो किंवा दगड.

दुसरा प्रसंग शर्यतीचा. जोएलला छोट्या गाडीत बसवून हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून पळवायचं. गेम अचानक लहानपणी खेळलेल्या कार रेसिंगसारखा होतो. वाटेतल्या वस्तू गोळा करत सुटायचं, जोएल खिदळतोय, आपणही रंगात येतो. शर्यत संपल्यावर गोळा केलेल्याचा हिशेब समोर येतो आणि ती औषधं असतात, केमोथेरपीची. इथे मी बराच वेळ थांबलो. आमच्या वॉर्डातली पोरं सलाईनच्या स्टँडच्या पायावर उभी राहायची आणि बापाला किंवा मामाला ढकलायला लावायची. भाचा ओरडायचा, “मामा, जोरात!” वॉर्डातल्या मावशी रागवायच्या, पण एका फेरीपुरत्या दुसरीकडे बघायच्या. वर लटकलेल्या पिशवीत जे होतं तेच सोबत धावत होतं. मुलाचं हसणं खरं होतं आणि पिशवीही खरी होती. गेमनं हे एका मिनिटाच्या खेळात पकडलंय आणि त्यावर एकही वाक्य बोललेलं नाही.

न बोलण्याची ही समज गेमला सगळीकडे साधत नाही. उत्तरार्धात रूपकं वाढत जातात. बाप समुद्रात बुडतोय, आई नावेत बसून त्याला वर यायला सांगतेय. पुढे एक भव्य चर्च येतं. रायनचं निराशेत बुडणं आणि एमीचं विश्वासाला धरून राहणं यांतला ताण खरा आहे. एकाच खोलीत बसलेले नवराबायको दोन वेगवेगळ्या आजारपणांतून जात असतात, हे मी घरात पाहिलंय. पण समुद्र आला की जोएल दूर जातो. त्याची तहान, त्याचं हसू, त्याची गाडी मागे पडते आणि बापाच्या मनाची अवस्था पडदा व्यापते. मूल मग निमित्त बनतं. आजारी मुलांविषयी मोठ्यांनी केलेल्या बहुतेक कलाकृतींचा हा धोका असतो. हा गेमही त्यातून सुटलेला नाही.

दुसरी अडचण नावातच आहे. एका भागात आईवडील जोएलच्या भावांना गोष्ट सांगतात: जोएल हा चिमुकला योद्धा, कॅन्सर हा ड्रॅगन. पडद्यावर जुन्या पद्धतीचा उड्या मारायचा, वार करायचा गेम सुरू होतो. भावंडांना समजेल अशी भाषा शोधण्याची ती धडपड आहे, हे मान्य. पण आपल्या वर्तमानपत्रांतही ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ असं सर्रास छापून येतं आणि ते वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो. एक वर्षाचं मूल झुंज देत नसतं. ते आजारी असतं. माझा भाचा वाचला तो जास्त शूर होता म्हणून नाही. त्याच्या आजारावर, वेळेत आणि पूर्ण उपचार मिळाले तर, आज बहुतेक मुलं बरी होतात. जोएलच्या आजारावर होत नाहीत. यात कुणाच्या लढण्याचा संबंध नाही. गेमच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की हा भाग जिंकण्यासाठी बनवलेलाच नाही आणि मुलांच्या प्रश्नांना आईवडिलांची उत्तरं पुरत नाहीत, हे तो झाकत नाही. तरीही ड्रॅगन शीर्षकात राहतो, आणि अजून न खेळलेल्या माणसापर्यंत तेवढाच पोचतो.

मराठीत या विषयावर लिहिताना ‘श्वास’ आठवणं अपरिहार्य आहे. संदीप सावंत यांचा हा २००४चा चित्रपट. कोकणातला लहानगा परशुराम, त्याच्या डोळ्यांचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, आणि त्याला शहरात घेऊन आलेले आजोबा. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या त्या भूमिका आपल्या पिढीनं लहानपणी टीव्हीवर पाहिल्या. दोन्ही कलाकृती एकमेकींशेजारी ठेवल्या तर प्रत्येकीत काय नाही ते दिसतं. ‘श्वास’मध्ये मध्यवर्ती प्रश्न मुलाला सांगण्याचा आहे. डॉक्टर आग्रह धरतात की ऑपरेशनआधी परशुरामला कळलं पाहिजे, आणि आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणजे तिथे मूल ही जाणून घेण्याचा हक्क असलेली व्यक्ती आहे. जोएल फार लहान होता आणि आजारामुळे त्याचं बोलणंही मागे राहिलं होतं. त्यामुळे हा प्रश्न गेममध्ये नीट उभाच राहत नाही. त्याच्याविषयी सगळे बोलतात, त्याच्याशी कमी. चार वर्षांच्या मुलाला मात्र सगळं कळतं. भाच्यानं एकदा ताईला विचारलं होतं, “पलीकडचा दादा कुठे गेला?” तिनं “घरी” म्हणून सांगितलं. पुढे महिनाभर तो “आपण घरी नको जाऊया” म्हणत होता.

याउलट ‘श्वास’ला एक शस्त्रक्रिया आहे, एक तारीख आहे, आणि त्याआधी आजोबांनी नातवाला जग दाखवायला बाहेर नेण्याचा तो विलक्षण दिवस आहे. चित्रपटाला असा कळस लागतो. दीर्घ उपचारांना तो नसतो. तिथे काउंटची वाट बघणं असतं, ताप उतरण्याची वाट बघणं असतं, पुढच्या टप्प्याची वाट बघणं असतं. न घडणारा वेळ दाखवायला गेम हे माध्यम चित्रपटापेक्षा जास्त जवळचं आहे, कारण त्यात वेळ खेळणाऱ्यालाच काढावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला खेळताना खटकत होती, ती नंतर उमगली. जोएलच्या हॉस्पिटलात फार एकटेपण आहे. मोठी खोली, एक खाट, एक बाप. आमच्याकडे दोन खाटांमध्ये एक खुर्ची मावेल एवढी जागा होती. रात्री ती खुर्ची कुणाला, हे आया आपसांत ठरवायच्या. बुलढाण्याहून आलेल्या एका बाईनं ताईला थर्मामीटर कसं वाचायचं ते शिकवलं होतं. गेममध्ये दुसरी कुटुंबं भेटतात ती मुख्यतः एका ठिकाणी: हॉस्पिटलच्या आवारात सर्वत्र शुभेच्छापत्रं लावलेली आहेत. गेमला आधी पैसे देऊन मदत करणाऱ्यांनी आपल्या गेलेल्या, आजारी माणसांसाठी लिहिलेली. ती सगळी वाचायला बराच वेळ लागतो. मी सगळी वाचली. गेममधला हा भाग ग्रीन कुटुंबानं स्वतः लिहिलेला नाही, आणि मला तो आमच्या वॉर्डाच्या सर्वांत जवळचा वाटला.

शेवटचा प्रसंग सहलीचा आहे. जोएल पॅनकेक घेऊन बसलाय, शेजारी कुत्रा आहे, आणि आपण त्याच्यासाठी साबणाचे फुगे उडवू शकतो. ग्रीन दांपत्याच्या श्रद्धेनुसार हा स्वर्ग. माझ्या दृष्टीनं तो आईवडिलांनी स्वतःच्या हातांनी, कोडच्या ओळींनी बनवलेली एक जागा आहे. तिथे पुन्हा एकदा क्लिक केलं की काहीतरी होतं: फुगा उडतो, जोएल हसतो. दोन तास मोडून ठेवलेला करार गेम इथे परत करतो. मला तो घेताना आनंद झाला आणि थोडी शरमही वाटली, कारण हा परतावा ग्रीन कुटुंबाला कुठेच मिळालेला नव्हता. मी बरेच फुगे उडवले.

हा थोर गेम आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा उत्तरार्ध सैल आहे, बोलतो जास्त. पण आजारी मुलाजवळ बसणं म्हणजे काय, हे त्यातल्या एका खोलीनं आणि एका शर्यतीनं मला जितकं नेमकं सांगितलं तितकं दुसऱ्या कुठल्या कलाकृतीनं सांगितलेलं नाही. तुम्ही तो अनुभवणार असाल तर व्हिडिओ बघू नका, खेळा.

एक्सेल शीट अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. ताईला ती कधीच नको होती. गेल्या तपासणीच्या दिवशी रक्त काढायच्या खोलीत मी पहिल्यांदा आत गेलो. सुई टोचताना भाचा रडला. मी त्याचा तळपाय धरला होता. त्यानं तो झटकला. मी पुन्हा धरला.